पहारा कुठे बसवायचा? – फायरवॉलची जन्मकथा

सप्टेंबर १६६६ मध्ये लंडनमधील एका बेकरीत आग लागली. घरे लाकडाची आणि एकमेकांना चिकटलेली. चार दिवसांत सुमारे १३,००० घरे भस्मसात झाली. पुढच्याच वर्षी तेथील संसदेने कायदा केला, की नवी घरे विटांची किंवा दगडाचीच बांधावीत. दोन घरांमधल्या सामाईक भिंतीची जाडीही कायद्याने ठरवून दिली. अशी भिंत आग विझवत नाही, किंवा आपल्या घरात आग लागूच नये अशी व्यवस्थाही करत नाही. शेजारची आग आपल्याकडे येऊ न देणे, एवढेच तिचे काम. अशा भिंतीला इंग्रजीत 'फायरवॉल' म्हणतात.

आज हेच नाव लॅपटॉपमधल्या एका सोयीला आहे. शिक्षकांच्या लॅपटॉपवर गुणपत्रके असतात, प्रश्नपत्रिका असतात, मुलांचे पत्ते आणि जन्मतारखा असतात. हा लॅपटॉप घर, शाळा, प्रशिक्षण केंद्र, एखादे वेळी रेल्वे स्थानक, असा फिरत असतो आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या जाळ्याला जोडला जातो. त्यामुळे 'चांगली आणि फुकट फायरवॉल कोणती?' हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. प्रश्न योग्य आहे, पण उत्तर केवळ एका नावात सापडत नाही. ही भिंत का उभी राहिली आणि कोठून कोठे सरकत आली, हे पाहिले की उत्तर शोधणे सोपे जाते.

ओळखीच्या माणसांचे जाळे

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाकडे अर्पानेट या जाळ्यावरचा पहिला संदेश पाठवण्यात आला. 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. त्याची पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि व्यवस्था कोलमडली. पुढची बरीच वर्षे या जाळ्याच्या कर्त्यांना मुख्य काळजी होती ती हीच, की संदेश पोहोचतो की नाही. तो कोणी पाठवला आणि कोणत्या हेतूने, याची चिंता कमी होती. विद्यापीठे आणि प्रयोगशाळा यांतली मंडळी बहुतांशी एकमेकांना ओळखत होती. वाड्यातल्या बिऱ्हाडांनी आपापली दारे उघडी ठेवावीत, तसा हा मामला होता.

१९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आढळला. एवढ्याशा रकमेचा त्याने पिच्छा पुरवला, तेव्हा कोणी अनोळखी माणूस प्रयोगशाळेच्या संगणकात शिरून तेथून लष्करी संगणक धुंडाळत असल्याचे उघड झाले. हा माग शेवटी जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत गेला.

दोन वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रती काढत फिरणारा एक प्रोग्रॅम जाळ्यावर सोडला. अशा प्रोग्रॅमला 'वर्म' म्हणजे कृमी म्हणतात. टपाल वाहणाऱ्या प्रोग्रॅममधली एक उणीव, वापरणाऱ्यांची माहिती देणाऱ्या प्रोग्रॅममधली दुसरी उणीव आणि सहज ओळखता येणारे परवलीचे शब्द, अशा वाटांनी तो शिरत असे. एखाद्या संगणकात आपली प्रत आधीच असेल, तर त्याने माघार घ्यावी अशी योजना होती. पण कोणी 'प्रत आहे' असे खोटेच सांगून त्याला फसवू नये म्हणून सातांतून एकदा त्याने तरीही मुक्काम करावा, असे मॉरिसने ठरवले होते. सातांत एक हे प्रमाण फार मोठे ठरले. प्रतींवर प्रती साचत गेल्या आणि संगणक मंदावून ठप्प झाले. (गणिताच्या शिक्षकांना गुणोत्तरी वाढ शिकवण्यासाठी हे उदाहरण उपयोगी पडावे.) जाळ्यावरच्या सुमारे ६०,००० संगणकांपैकी ६,००० बाधित झाले, असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. तो अंदाजच होता. मोजदाद कोणीच केली नव्हती. मॉरिसला पुढे १९९० मध्ये शिक्षा झाली. पण ओळखीवर चालणारे जाळे त्या एका रात्रीत संपले होते.

दारावरचा पहारेकरी

यानंतर ठिकठिकाणी एकच विचार सुरू झाला. संस्थेतले शेकडो संगणक एकेक करून सुरक्षित करणे कठीण. त्यापेक्षा संस्थेचे जाळे बाहेरच्या जाळ्याला जिथे मिळते, त्या एकाच दारावर पहारा बसवावा.

पहारेकरी तपासतो काय? जाळ्यावरून जाणारी माहिती लहान लहान पुडक्यांतून, म्हणजे पॅकेटमधून जाते. इंटरनेटवरच्या नेहमीच्या पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि दोन्हीकडचे 'पोर्ट' क्रमांक असतात. पत्ता वाड्याचा, तर पोर्ट हा त्यातल्या खोलीचा क्रमांक असे समजावे. हा क्रमांक १६ बिटांचा, म्हणून खोल्या २^१६ म्हणजे ६५,५३६. टपालासाठी २५, सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३, असे काही क्रमांक ठरलेले आहेत. १९८९ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील जेफ्री मोगल यांनी दारावरच्या संगणकाने हे पत्ते आणि क्रमांक पाहून पॅकेट सोडावे की अडवावे, याची एक पद्धत प्रसिद्ध केली. १९९० मध्ये बेल प्रयोगशाळेतील विल्यम चेसविक यांनी आपल्या संस्थेच्या दाराची रचना प्रसिद्ध केली. तिच्यात आतल्या आणि बाहेरच्या संगणकांचा थेट संबंधच येत नव्हता. मध्ये एक निरोप्या बसवलेला होता.

तिसरी सुधारणा स्मरणशक्तीची. प्रत्येक पॅकेट सुटे तपासण्याऐवजी संभाषण कोणी सुरू केले, हे पहारेकऱ्याने लक्षात ठेवायचे. १९९४ मध्ये इस्राएलमधील चेक पॉइंट कंपनीने आणलेल्या उत्पादनामुळे ही पद्धत रूढ झाली. लॅपटॉपच्या दृष्टीने तिचे महत्त्व फार मोठे आहे. आपण एखाद्या संकेतस्थळाला काही विचारले, तर त्याचे उत्तर आत येईल. न विचारता दार ठोठावणारा मात्र बाहेर राहील. आजच्या बहुतेक सर्व फायरवॉल याच तत्त्वावर चालतात.

याच काळात एक नियमही पक्का झाला. पहारेकऱ्याला दोन प्रकारे सांगता येते : 'ज्यांना मनाई आहे ते सोडून सगळ्यांना येऊ दे', किंवा 'ज्यांना परवानगी आहे त्यांनाच येऊ दे'. पहिल्या पद्धतीत उद्याचा चोर आजच ठाऊक असावा लागतो. म्हणून दुसरी पद्धत श्रेयस्कर मानली गेली.

पाहता येणे आणि बदलता येणे

पहारेकरी विश्वासू आहे, हे कशावरून समजायचे? त्याला दिलेल्या सूचना वाचता आल्या तर. ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकेतील ट्रस्टेड इन्फर्मेशन सिस्टिम्स या कंपनीने आपल्या फायरवॉलचे सुटे भाग मूळ आज्ञावलीसह सर्वांना उपलब्ध करून दिले. १९९४ मध्ये अ‍ॅलन कॉक्स यांनी बीएसडी या प्रणालीतील पॅकेट-गाळणी लिनक्सच्या गाभ्यात आणली. पुढे रस्टी रसेल आणि सहकाऱ्यांनी तिची जागा घेणारी 'आयपीचेन्स' तयार केली (लिनक्स २.२, १९९९). त्यानंतर 'आयपीटेबल्स' (लिनक्स २.४, २००१) आणि 'एनएफटेबल्स' (लिनक्स ३.१३, २०१४) आल्या. लिनक्स ज्या परवान्याखाली आहे, त्यात कोणालाही आज्ञावली वापरण्याचा, अभ्यासण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क आहे. म्हणूनच एकाचे काम दुसऱ्याला पुढे नेता आले.

इंग्रजीतला 'फ्री' हा शब्द येथे घोटाळा करतो. मराठीत मात्र दोन निराळे शब्द आहेत : मोफत आणि मुक्त. मोफत म्हणजे पैसे लागत नाहीत. मुक्त म्हणजे वरचे चारही हक्क आपल्याला आहेत. हा भेद किती खरा आहे, ते २००१ मध्ये दिसले. ओपनबीएसडी या प्रणालीत डॅरन रीड यांची 'आयपीफिल्टर' ही फायरवॉल वापरली जात होती. तिला पैसे पडत नव्हते आणि तिची आज्ञावलीही वाचता येत होती. पण बदललेली आवृत्ती लेखकाच्या अनुमतीशिवाय वाटता येणार नाही, असे परवान्यात स्पष्ट करण्यात आले. ओपनबीएसडीच्या मंडळींनी मे २००१ मध्ये ती चक्क काढून टाकली. प्रणाली भिंतीविना राहिली. मग डॅनियल हार्टमायर यांनी 'पीएफ' नावाची नवी फायरवॉल लिहिली आणि डिसेंबरमध्ये आलेल्या ओपनबीएसडी ३.० मध्ये ती समाविष्टही झाली. पुढे ती फ्रीबीएसडीने घेतली आणि २०११ पासून अ‍ॅपलच्या मॅक संगणकांतही ती आली. एका परवान्यातल्या एका वाक्यामुळे घडलेली ही गोष्ट आहे.

भिंत घरात आली

दारावरच्या पहाऱ्यात एक गृहीत दडले होते : आत आहेत ते सगळे आपले. पूर्वी बेल प्रयोगशाळेतच असलेले स्टीव्हन बेलोविन यांनी १९९९ मध्ये मांडले, की हे गृहीत टिकणार नाही. पहारा प्रत्येक संगणकावरच असायला हवा. लोक घरून मोडेम लावून थेट इंटरनेटवर येऊ लागले होते, आणि त्यांच्यापुढे कोणत्याही संस्थेची भिंत नव्हती. २००० मध्ये विंडोजसाठी 'झोनअलार्म'ची मोफत आवृत्ती लोकप्रिय झाली. ती मोफत होती, मुक्त नव्हती. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण ती मुळात बंद ठेवलेली होती.

ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाचा कृमी आला. तो १३५ क्रमांकाच्या पोर्टमधून विंडोजमधल्या एका उणिवेतून शिरत असे. ती उणीव बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलैतच दिली होती, पण असंख्य लोकांनी ती बसवली नव्हती. दारावर कडक पहारा असलेल्या संस्थांतही ब्लास्टर पोहोचला, आणि त्याची एक वाट होती लॅपटॉप. घरी बाधा झालेला लॅपटॉप सकाळी बगलेत मारून माणूस कार्यालयात येई, भिंतीच्या आत बसे आणि तार जोडे. वर्षभराने, ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने फायरवॉल मुळातच चालू ठेवली.

निवड करताना

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लिनक्स वापरत असाल तर भिंत गाभ्यातच आहे. निवडायची आहे ती तिला सूचना देण्याची सोय. उबुंटूमध्ये २००८ पासून 'यूएफडब्ल्यू' आहे आणि तिला 'जीयूएफडब्ल्यू' ही चित्रमय खिडकी जोडता येते. त्यात 'आत येणारे : नाकारा, बाहेर जाणारे : सोडा' एवढे ठरवून कळ चालू केली, की सर्वसाधारण लॅपटॉपचे काम भागते. ती उबुंटूमध्ये मुळात बंद असते, हे मात्र ध्यानात ठेवावे. फेडोरामध्ये 'फायरवॉलडी' आहे. तिच्यात घर, कार्यालय, सार्वजनिक जागा असे विभाग असतात आणि जाळ्यानुसार विभाग बदलता येतो. फिरत्या लॅपटॉपला ही कल्पना सोयीची आहे. बाहेर जाणाऱ्या वाहतुकीवर प्रोग्रॅमनिहाय लक्ष ठेवायचे असेल तर 'ओपनस्निच' आहे. मॅकवर त्याच कामासाठी 'लुलू' आहे. विंडोजची स्वतःची फायरवॉल जास्तीचे पैसे न देता मिळते, पण ती मुक्त नाही. तिथे 'सिंपलवॉल' हा मुक्त पर्याय सापडतो. यांपैकी एकच नीट समजून वापरावी. एकाच दारावर दोन पहारेकरी वेगवेगळ्या सूचना घेऊन उभे केले, तर घोटाळाच व्हायचा.

नाव निवडून काम संपत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये आलेल्या फेडोरा २१ च्या घरगुती आवृत्तीत फायरवॉल चालू होती, पण १०२५ ते ६५,५३५ हे सगळे पोर्ट मुळातच खुले ठेवले होते. कर्त्यांचा हेतू वापरणाऱ्याची अडचण टाळण्याचा होता. नियम उघड असल्याने लोकांच्या ते ध्यानात आले, त्यावर जाहीर वादही झाला, आणि ज्यांना पटले नाही त्यांना ते बदलता आले. मुक्त असण्याचा फायदा हा असा आहे. पण नियम उघडून पाहणारा कोणी असला तरच तो मिळतो.

मॉरिसचा कृमी आणखी एक गोष्ट सांगून गेला. तो ज्या प्रोग्रॅममधून शिरला, तो चालू नसलेल्या संगणकात त्या वाटेने तो शिरूच शकला नाही. खोलीत ऐकणारा कोणी नसेल, तर दार ठोठावून उपयोग नाही. म्हणून नको असलेल्या सेवा आधी बंद कराव्यात, दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवाव्यात, आणि मग भिंत उभी करावी. एवढे करूनही आपणच एखाद्या फसव्या पत्रातला दुवा उघडला किंवा परवलीचा शब्द कोणाला सांगितला, तर भिंत काही करू शकत नाही. त्या पाहुण्याला आपणच आत घेतलेले असते.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर संगणकाचीही गरज नाही. फळ्यावर एक दार काढावे. मुलांनी कागदाच्या चिठ्ठ्यांवर दोन्ही पत्ते आणि पोर्ट लिहून त्या दाराकडे आणाव्यात. एक मुलगी पहारेकरी, तिच्या हाती पाच नियमांची यादी. यादी आधी तिने एकटीने पाहावी. दुसऱ्या फेरीत ती सर्वांना वाचून दाखवावी आणि चुकीचा नियम शोधायला सांगावे. दोन फेऱ्यांत काय फरक पडला, यावर मुलांनाच बोलू द्यावे.