उतारावरचं न्यूट्रल

१ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी नगरहून पुण्याला धावली, ती आमच्या पारनेर तालुक्यातल्या सुप्यावरूनच. बेडफर्ड होती म्हणे. त्या काळच्या अवजड गाड्यांना सहसा सिंक्रोमेश नसे (कॅडिलॅकने मोटारीत तो १९२८ लाच आणला होता). म्हणून डबल क्लच: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच, मग खालचा गिअर. चुकलं की दात करकरायचे आणि अख्ख्या गाडीला कळायचं! ड्रायव्हरला इंजिनाचा आवाज ऐकावाच लागे.

सिंक्रोमेश आला आणि कानाचं काम संपलं. चढावर इंजिन धडधडलं तरी टॉपमध्येच रेटायचं, कारण काय तर डिझेल वाचतं. वाचत नाही हो, उलट धक्के क्लच आणि शाफ्टला बसतात.

सगळ्यात चिवट सवय मात्र उतारावर न्यूट्रल करण्याची. कार्ब्युरेटरच्या गाडीत त्याने थोडंफार पेट्रोल वाचायचंही. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय उचलला की इंधन तोडलं जातं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. वर इंजिनाचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर. तरी आमच्याकडे उतार दिसला की हात दांड्याकडे जातोच, आणि शेजारी बसलेले काका खुशीत म्हणतात, "बघ, कशी पळतेय फुकटात!"