समुपदेशकांची वेगवेगळी घराणी
अमेरिकी विद्यापीठांच्या समुपदेशन केंद्रांत मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ते शेजारीशेजारी बसतात. ही रचना कुणी आखलेली नाही; ते वेगवेगळ्या काळांत साचलेले थर आहेत. प्रिन्स्टनमध्ये १९१० साली निघालेली विद्यार्थ्यांची मानसिक आरोग्यसेवा डॉक्टरी वळणाची होती. मिनेसोटात १९३२ साली टेस्टिंग ब्यूरो निघाला, तो मात्र चाचण्यांसाठी. तिथल्या ई. जी. विल्यमसन यांच्यापुढचा प्रश्न आजाराचा नव्हता. विद्यार्थ्याला कोणता अभ्यासक्रम झेपेल, हा होता.

विद्यार्थ्यांच्या गरजाच वेगवेगळ्या, म्हणून तज्ज्ञही वेगवेगळे, असा आक्षेप कुणी घेईल. गरजा खऱ्याच, पण त्या १९४४ पूर्वीही होत्या. त्या वर्षीच्या जी. आय. बिल या कायद्यामुळे माजी सैनिकांचे लोंढे वर्गांत आले, त्यांच्या मार्गदर्शनासाठी सरकारी पैसा आला आणि मगच केंद्रे फोफावली. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी शिकागो विद्यापीठात १९४५ साली असेच केंद्र उभारले. ते डॉक्टर नव्हते. मानसशास्त्राकडे वळण्याआधी धर्मशास्त्र शिकत होते. तरीही मानसोपचार करण्याचा हक्क त्यांनी ठामपणे सांगितला. वैद्यकाला तो रुचला नाही, यात नवल नाही. आज नेमणुकीच्या जाहिरातीत परवान्यांची लांबलचक यादी असते, ती याच जुन्या हद्दवादातून आलेली.