अक्षर कोणी निवडले?

पहिलीच्या वर्गात ‘ग म भ न’ शिकवताना आपण मुलाचा हात हातात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतो. पेन्सिल मुलाच्या बोटांत असते आणि अक्षरही वळणदार उमटते. पण ते अक्षर मुलाने काढले, असे कोणताही शिक्षक म्हणत नाही. हात सोडल्यावर मूल काय काढते, यावरूनच त्याला किती आले ते आपण ठरवतो. इतकी साधी ही गोष्ट. पण विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक शिकलेल्या, तळमळीच्या माणसांना तिचा विसर पडला, आणि त्याची किंमत बोलता न येणाऱ्या मुलांना मोजावी लागली.

ज्यांना वाचा नाही किंवा फार थोडी आहे, अशांना अक्षरांच्या साहाय्याने बोलते करण्याचा इतिहास दोन वाटांनी गेला आहे. एका वाटेवर हात सोडता यावा म्हणून युक्त्या शोधल्या गेल्या. दुसऱ्या वाटेवर हात धरूनच ठेवला गेला. या दोन्ही वाटांची ओळख शिक्षकाला असणे का जरुरीचे आहे, ते पाहू.

हात सोडण्याची वाट

बोलणे ही स्नायूंची कसरत आहे. ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र आणि छातीचे स्नायू यांचा सेकंदाच्या लहानशा अंशात ताळमेळ बसावा लागतो. जन्माच्या आगेमागे मेंदूच्या स्नायू चालवणाऱ्या भागांना इजा झाली तर हा ताळमेळ बिघडतो. यालाच मेंदूचा पक्षाघात किंवा सेरेब्रल पाल्सी म्हणतात. अशा मुलाची समज शाबूत असू शकते. मात्र बाहेरून पाहणाऱ्याला तिचा पत्ता लागत नाही. ‘याला काही कळत नाही’ असा शिक्का मग सहज बसतो.

डब्लिनच्या ख्रिस्टी ब्राउनवर असाच शिक्का बसला होता. पाच वर्षांचा असताना त्याने बहिणीच्या हातातला खडू आपल्या डाव्या पायाच्या बोटांत पकडला. त्याच्या आईने ही खूण ओळखली आणि त्याला त्या पायानेच अक्षरे शिकवली. १९५४ साली ‘माय लेफ्ट फूट’ हे त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. सारे शरीर हट्टी असले, तरी एक अवयव मनाचे ऐकत होता, आणि तेवढे पुरेसे ठरले.

या एका हालचालीभोवती यंत्र उभारण्याचे काम १९६० च्या सुमारास इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात रेग मेलिंग यांनी केले. मणक्याला इजा होऊन हातपाय निकामी झालेले रुग्ण तेथे येत. त्यांनी एका नळीत फुंकर मारायची किंवा हवा ओढायची, आणि त्या इशाऱ्यावर विजेचा टंकलेखक चालायचा. यंत्राचे नाव ‘पॉसम’. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘मला जमते’ असा होतो.

स्टीफन हॉकिंग यांचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. १९८५ साली न्यूमोनियाच्या आजारात त्यांच्या श्वासनलिकेला छेद द्यावा लागला आणि उरलासुरला आवाजही गेला. सुरुवातीला दुसऱ्या माणसाने तक्त्यावरील अक्षरे एकेक करून दाखवायची आणि हवे ते अक्षर आले की हॉकिंग यांनी भुवई उंचवायची, अशी पद्धत होती. पुढे अमेरिकेतील वॉल्ट वोल्टोश यांनी तयार केलेली संगणक-आज्ञावली मिळाली. पडद्यावर शब्द सरकत जात आणि हॉकिंग हातातले बटण दाबून हवा तो शब्द निवडत. मिनिटाला सुमारे १५ शब्द इतका त्यांचा वेग होता. जानेवारी २००१ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी ते मुंबईला आले, तेव्हा ते याच रीतीने बोलले. पुढे हातही साथ देईना, तेव्हा गालाच्या स्नायूच्या हालचालीवर तेच काम होऊ लागले.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. भुवईच्या पद्धतीत मदतनीस होताच, अक्षरांवर बोटही त्याचेच फिरत होते. पण ‘हे अक्षर’ असे सांगणारी हालचाल हॉकिंग यांची होती. तेव्हा प्रश्न मदतनीस आहे की नाही हा नाही. निवड कोणाची, हा आहे.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईच्या मालिनी चिब यांचे. १९६६ साली जन्मलेल्या मालिनीताईंना मेंदूचा पक्षाघात आहे आणि त्यांचे बोलणे परक्या माणसाला कळणे अवघड जाते. त्यांच्या आई डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सुरू केली. पुढे ती ‘अ‍ॅडॅप्ट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मालिनीताई सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि लंडनमध्ये त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या. एका बोटाने एकेक कळ दाबत त्यांनी लिहिलेले ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र २०११ साली प्रसिद्ध झाले. काम संथ होते; पण त्यातला प्रत्येक शब्द कोणाचा, याविषयी शंकेला जागा नाही.

हात धरण्याची वाट

दुसरी वाट ऑस्ट्रेलियातील मेलबर्नहून निघाली. तेथील सेंट निकोलस रुग्णालयात तीव्र अपंगत्व असलेली मुले ठेवली जात आणि त्यांच्या शिक्षणाची आशा सोडून दिलेली असे. १९७७ साली रोझमेरी क्रॉसले यांनी तेथील अ‍ॅन मॅक्डोनाल्ड या १६ वर्षांच्या मुलीच्या हाताला आधार देऊन तिला अक्षरे दाखवायला शिकवले. हात थरथरतो म्हणून आपण तो फक्त स्थिर धरतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९७९ साली व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने अ‍ॅनची तेथून सुटका झाली. पुढच्याच वर्षी दोघींच्या नावाने पुस्तक आले आणि १९८४ साली त्यावर चित्रपट निघाला.

अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाचे डग्लस बिकलन यांनी ही पद्धत मेलबर्नला पाहिली आणि १९९० साली तिच्यावर एक गाजलेला लेख लिहिला. तेव्हापासून स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांसाठी ती झपाट्याने पसरली. मदतनिसाने मुलाचे मनगट, कोपर किंवा खांदा धरायचा आणि मुलाच्या बोटाने कळा दाबल्या जायच्या. ज्यांना कधी वाचायला शिकवले नव्हते अशी मुले सफाईदार वाक्ये आणि कविता लिहू लागली! ‘आई, मला सगळे कळते’ असे वाक्य पडद्यावर पाहणाऱ्या आईवडिलांना काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. अशा वेळी पडताळा मागणे निष्ठुरपणाचे वाटते.

पण पडताळा घेतला गेला, आणि तोही ही पद्धत वापरणाऱ्या संस्थेतच. न्यूयॉर्क राज्यातील ओ. डी. हेक केंद्रात १२ स्वमग्न व्यक्ती आणि ९ मदतनीस यांच्यावर प्रयोग झाला. तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगाची रचना आठवीच्या मुलाला समजेल इतकी सोपी आहे. दोघांच्या मधे असा आडपडदा ठेवला की मुलाचे चित्र मदतनिसाला दिसू नये आणि मदतनिसाचे मुलाला. काही वेळा दोघांना एकच चित्र दाखवले, काही वेळा वेगवेगळे. दोघांना वेगळी चित्रे दाखवली की टाईप होणारा शब्द मदतनिसाच्या चित्राचा असे. मुलाने पाहिलेले पण मदतनिसाने न पाहिलेले चित्र एकदाही ओळखले गेले नाही.

याच सुमारास हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेर भयंकर रूप धारण करत होता. असे टाईप झालेले शब्द पुरावा मानून काही पालकांवर अत्याचाराचे आरोप ठेवले गेले आणि मुलांना घरापासून तोडले गेले. अशा एका प्रकरणात बोस्टनच्या बालरुग्णालयातील हॉवर्ड शेन यांनी तपासणी केली. मुलीला किल्ली दाखवली, मदतनिसाला पेला. टाईप झाला तो शब्द ‘पेला’. त्या मदतनीस, जेनिस बॉयन्टन, यांनी ती पद्धत सोडली आणि पुढे आपला अनुभव जाहीरपणे लिहून इतरांना सावध केले. १९९४ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचा ठराव केला.

हात आपोआप कसा हलतो?

मग हे सारे मदतनीस लबाड होते काय? मुळीच नाही, या इतिहासातला खरा धडा तोच आहे. आपल्या मनात एखादी अपेक्षा असली, की स्नायूंची बारीक हालचाल आपल्या नकळत त्या दिशेने होते. १८५२ साली इंग्रज शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी तिला ‘आयडिओमोटर’ क्रिया म्हटले; आपण तिला कल्पनाजन्य हालचाल म्हणू. त्या काळी टेबलाभोवती हात ठेवून बसायचे आणि आत्मे टेबल फिरवतात असे मानायचे, हे वेड युरोपात जोरात होते. १८५३ साली मायकेल फॅरडे यांनी हाताखाली पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट पदार्थाने जोडून ठेवले. टेबल फिरल्यावर पाहिले, तर वरचे थर खालच्यांच्या पुढे सरकलेले. म्हणजे आधी हात हलला, मग टेबल! बसलेली मंडळी प्रामाणिक होती. आपण जोर लावला नाही, असे त्यांना मनापासून वाटत होते.

आपल्याकडे प्लँचेटची वाटी याच कारणाने सरकते. भोकरदन काय किंवा मराठवाड्यातील दुसरा कोणताही दुष्काळी तालुका काय, विहीर खोदण्याआधी पाणाड्याला बोलावण्याची रीत आहे. त्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहतो किंवा हातातली दुबेळक्याची काडी खाली झुकते, ती याच क्रियेने. पाणाड्या फसवतोच असे नाही; पुष्कळदा तो स्वतःच फसलेला असतो.

मदतनिसाच्या नकळत उत्तर दुसऱ्याकडे पोहोचते, याचे जुने उदाहरण बर्लिनच्या ‘हान्स’ घोड्याचे. हान्स खुराने ठोके देऊन गणिते सोडवत असे. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले, की प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असेल आणि तो घोड्याला दिसत असेल, तरच हान्सचे उत्तर बरोबर येते. ठोक्यांची संख्या पुरी झाली की विचारणाऱ्याच्या डोक्याची अगदी सूक्ष्म हालचाल होई आणि घोडा थांबे. आपल्या दारी येणारा नंदीबैलही खुणेवरच मान डोलावतो. फरक एवढाच, की नंदीबैलवाल्याला आपली खूण माहीत असते. हान्सच्या मालकाला ती माहीत नव्हती.

म्हणून हात सोडून नुसता अक्षरतक्ता हातात धरला, तरी प्रश्न सुटत नाही. बंगळूरमध्ये आपल्या स्वमग्न मुलाला शिकवणाऱ्या सोमा मुखोपाध्याय यांची, सतत सूचना देत तक्त्यावरील अक्षरे दाखवून घेण्याची पद्धत २००१ नंतर अमेरिकेत पसरली. तक्ता मदतनिसाच्याच हातात असल्याने तो नकळत सरकू शकतो, आणि सूचनांमधूनही खुणा जाऊ शकतात. अमेरिकेतील वाचा व श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली हात धरण्याची पद्धत आणि ही पद्धत, दोन्ही वापरू नयेत असे सांगितले.

आपल्या वर्गात

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता आणि वाचा व भाषेचे अपंगत्व हे त्यांपैकी तीन. अशी मुले आता जिल्हा परिषदेच्या शाळांत येतात. भोकरदन किंवा जाफराबादसारख्या ठिकाणी वाचा-उपचारतज्ज्ञ हाताशी असेलच असे नाही. तरी शिक्षकाला बरेच करता येण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे मुलाची स्वतःची एक खात्रीची हालचाल शोधणे. पापणी, भुवई, अंगठा, पाय, काहीही चालेल. तिच्यावर ‘हो’ आणि ‘नाही’ बसवावे. मूल लहान असेल किंवा वाचत नसेल, तर चित्रांपासून सुरुवात करावी. मुंबई आय.आय.टी.च्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात तयार झालेले ‘जेलो’ हे मोबाईलवरील चित्र-संवादाचे साधन मराठीतही बोलते.

मूल वाचू लागले, की आपली वर्णमाला मोठी उपयोगी पडते. क पासून म पर्यंतची २५ व्यंजने पाच ओळी आणि पाच रकाने अशी आधीच मांडलेली आहेत. एकेक अक्षर दाखवत गेलो, तर हवे ते अक्षर यायला सरासरी १३ पावले लागतात. आधी ओळ विचारली आणि मग त्या ओळीतले अक्षर, तर सरासरी ३ अधिक ३, म्हणजे ६ पावले पुरतात. ‘म’ सर्वांत शेवटचा. तोही २५ ऐवजी १० पावलांत मिळतो. उरलेली व्यंजने आणि स्वर यांच्या ओळी खाली जोडाव्यात आणि काना-मात्रेसाठी बाराखडीची एक ओळ वेगळी ठेवावी. तक्ता भिंतीला टांगावा आणि पट्टीने ओळ दाखवावी.

दुसरी गोष्ट पडताळ्याची. मदतनीस शिक्षक वर्गाबाहेर असताना मुलाला एक वस्तू दाखवावी, लपवावी, आणि मग मदतनिसाला आत बोलावून ‘काय पाहिलेस?’ असे विचारू द्यावे. खेळ म्हणून, वेगवेगळ्या दिवशी, अनेकदा हे करावे. एका वेळच्या उत्तरावरून निष्कर्ष काढू नये. मूल थकलेले किंवा बावरलेले असू शकते. आणि हे लक्षात ठेवावे, की ही परीक्षा मुलाची नसून पद्धतीची आहे. वारंवार उत्तर जुळले नाही, तर मुलाला कळत नाही असे सिद्ध होत नाही. या पद्धतीतून त्याचे शब्द आपल्यापर्यंत येत नाहीत, एवढेच सिद्ध होते. मग दुसरी हालचाल, दुसरा तक्ता, दुसरी चित्रे शोधायची.

‘याला काही कळत नाही’ म्हणून मुलाला कोपऱ्यात बसवणे हा अन्याय आहेच. पण आपले शब्द त्याच्या नावावर खपवणे हाही अन्यायच, कारण तसे झाले की त्याचे खरे म्हणणे शोधण्याची गरजच कोणाला वाटेनाशी होते. पहिल्या अन्यायाने मूल गप्प राहते. दुसऱ्यानेही ते गप्पच राहते, फक्त ते कोणाच्या लक्षात येत नाही. ‘पाणी’ एवढा एकच शब्द मुलाने दहा मिनिटे खर्चून स्वतः निवडला, तरी आपल्या हाताने उमटलेल्या पानभर मजकुरापेक्षा त्याचे मोल अधिक आहे.