छपराखालचा उद्योग : शिराकावा-गो आणि गोकायामा येथील घरांचा इतिहास

जपानच्या होन्शू बेटाच्या मध्यभागी, हाकुसान पर्वताच्या पूर्वेस, शोगावा ही नदी अरुंद दरीतून उत्तरेकडे वाहत जाऊन तोयामाच्या उपसागराला मिळते. या दरीचा वरचा भाग शिराकावा-गो या नावाने ओळखला जातो आणि तो जुन्या हिदा प्रांतात, म्हणजे आजच्या गिफू प्रांतात मोडतो. खालच्या भागाला गोकायामा म्हणतात आणि तो जुन्या एत्चू प्रांताचा, म्हणजे आजच्या तोयामा प्रांताचा भाग आहे. शिराकावा-गोमधील ओगिमाची आणि गोकायामातील आइनोकुरा व सुगानुमा या तीन गावांचा समावेश १९९५च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत केला, तो तेथील ‘गाश्शो-झुकुरी’ घरांमुळे. नमस्कारासाठी जोडलेल्या तळहातांप्रमाणे दोन उंच पाखी आढ्यापाशी एकमेकांना टेकलेली असतात, म्हणून या बांधणीला हे नाव पडले आहे. ताकायामा किंवा कानाझावा येथून सकाळच्या बसने येऊन भाताच्या खाचरांमधल्या वाटांवरून फिरणाऱ्या आणि संध्याकाळी परतणाऱ्या प्रवासी जोडप्यांना ही गावे जगाच्या धकाधकीपासून दूर राहिलेली आणि आपल्यापुरते पिकवून खाणारी वाटतात. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे. ही घरे दूरच्या बाजारपेठांसाठी माल तयार करणारे कारखाने होती. त्यांची छपरे उंच होत गेली ती हिमवर्षावाइतकीच उद्योगाच्या गरजेमुळे, आणि आज ती टिकून आहेत तीही नव्या प्रकारच्या उद्योगाच्या आधारावर.

या दरीत सपाट जमीन फार थोडी आहे आणि हिवाळ्यात बर्फाचा थर माणसाच्या उंचीपेक्षाही वर चढतो. भाताची लागवड पूर्वी नाममात्र होती. डोंगरउतारावरील झाडोरा जाळून केलेल्या फिरत्या शेतीत सावा-राळ्याच्या जातीची भरड धान्ये आणि कुट्टू पिकवून, त्याला रानातील फळांची जोड देऊन लोक गुजराण करीत. हाकुसान हा प्राचीन काळापासून पूजला जाणारा पर्वत असल्यामुळे येथे आधी पर्वतपूजक तपस्व्यांचा प्रभाव होता. तेराव्या शतकाच्या मध्यापासून मात्र ‘जोदो शिन्शू’ हा अमिताभ बुद्धाच्या नामस्मरणावर भर देणारा पंथ दरीत रुजला आणि गावोगावची प्रार्थनागृहे ही लोकांनी एकत्र येण्याची ठिकाणे बनली. राजकीय सत्ताही या दुर्गम खोऱ्यात पोहोचली होती. उचिगाशिमा या सरदार घराण्याचा काएरिकुमो किल्ला शिराकावा-गोमध्ये होता. १५८६च्या जानेवारीत झालेल्या मोठ्या भूकंपात डोंगराचा कडा कोसळून तो किल्ला पायथ्याच्या वस्तीसह गाडला गेला आणि ते घराणे संपुष्टात आले. पुढे तोकुगावा घराण्याच्या शोगुनांच्या, म्हणजे लष्करी शासकांच्या, काळात दरीची विभागणी झाली. गोकायामा हा कानाझावाच्या माएदा घराण्याच्या कागा जहागिरीत राहिला, तर १६९२मध्ये हिदा प्रांत थेट शोगुनशाहीच्या अमलाखाली आल्यावर शिराकावा-गोचा कारभारही तिच्याच अधिकाऱ्यांकडे गेला.

कागा ही तोकुगावा घराण्याबाहेरची सर्वांत मोठी जहागीर होती. जहागिरीची श्रीमंती ‘कोकु’ या सुमारे १८० लिटर भाताच्या मापाने मोजली जाई आणि कागाची गणना दहा लाख कोकुंची म्हणून प्रसिद्ध होती. एवढ्या संपन्न जहागिरीला जवळपास भात न पिकवणाऱ्या डोंगराळ गोकायामाचा उपयोग दोन कारणांसाठी होता. पहिले कारण शिक्षेचे : कागाचे राजकैदी येथे हद्दपार करून ठेवले जात, आणि ते पळून जाऊ नयेत म्हणून शोगावावर पूल बांधू दिले जात नसत, त्यामुळे लोकांना दोरावर टांगलेल्या टोपलीतून नदी ओलांडावी लागे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे होते, आणि ते घरांच्या जमिनीखाली होते. ते कारण म्हणजे सोरा, बंदुकीच्या दारूचा मुख्य घटक.

१५४३मध्ये पोर्तुगीजांबरोबर तानेगाशिमा बेटावर बंदूक आली आणि काही दशकांतच जपानमधील युद्धाची रीत बदलली. गंधक आणि कोळसा देशात मुबलक होता, परंतु सोऱ्याचे नैसर्गिक साठे नसल्यामुळे तो आयात करावा लागे किंवा कष्टाने तयार करावा लागे. ओडा नोबुनागा या सरदाराने १५७० ते १५८० या काळात जोदो शिन्शू पंथाच्या इशियामा होंगान्जी या मठाशी जो दीर्घ लढा दिला, त्यात मठाला गोकायामाच्या भाविकांकडून सोरा पुरवला गेला अशी परंपरा आहे. पुढे माएदांची सत्ता स्थिरावल्यावर हा व्यवसाय जहागिरीच्या देखरेखीखाली आला आणि शोगुनशाहीच्या अडीच शतकांच्या शांततेतही गोकायामाचा सोरा डोंगरवाटांनी कानाझावाकडे जात राहिला.

सोरा तयार करण्याची रीत घराच्या रचनेशी घट्ट जोडलेली होती. घराच्या मध्यभागी ‘इरोरी’ म्हणजे जमिनीत खोदलेली चौकोनी, उघडी चूल असे आणि तिच्याजवळ लाकडी तक्तपोशीखाली मोठा खड्डा खणला जाई. त्या खड्ड्यात शेतातील कोरडी माती, रेशीमकिड्यांची विष्ठा, कुट्टूची ताटे, दवण्याच्या जातीचे रानगवत आणि मूत्र यांचे थर घातले जात आणि वर्षातून काही वेळा ते उकरून खालीवर केले जात. मातीतील जिवाणू या सेंद्रिय पदार्थांतील अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. बाहेर बर्फ साचलेले असताना त्या जिवाणूंना लागणारी ऊब शेजारच्या चुलीतून मिळे. चार-पाच वर्षांनी मुरलेली माती पिंपात घालून तिच्यातून पाणी झिरपवले जाई, ते पाणी लाकडाच्या राखेबरोबर उकळले जाई, म्हणजे राखेतील पोटॅशियममुळे त्यात खरा सोरा तयार होई, आणि गाळून थंड केल्यावर त्याचे स्फटिक हाती येत. पहिला खडबडीत माल घरोघर निघे. अंतिम शुद्धीकरणाचे काम मात्र नेमलेल्या घराण्यांकडेच असे. गोकायामातील इवासे घराण्याचे पाच मजली गाश्शो घर अशाच अधिकाराच्या जोरावर उभे राहिले. शिराकावा-गोमध्येही हा उद्योग होता आणि ओगिमाचीचे वादा घराणे गावप्रमुखपद सांभाळून सोऱ्याचा व्यापार करीत असे.

सोरा जमिनीखाली तयार होई, तर रेशीम माळ्यावर. चुलीवरच्या छपराची पोकळी ‘आमा’ नावाच्या दोन, तीन, प्रसंगी चार माळ्यांमध्ये विभागलेली असे आणि त्या माळ्यांची जमीन बांबूच्या किंवा फळ्यांच्या फटीदार जाळीची असल्यामुळे खालची ऊब व धूर सहज वर चढत असे. माळ्यावरच्या तबकांमध्ये तुतीच्या पानांवर रेशीमकिडे पोसले जात. त्यांना हवा व उजेड हवा असल्याने घराच्या दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत खिडक्या ठेवल्या जात. एका उद्योगाचा कचरा दुसऱ्या उद्योगाचा कच्चा माल होता, कारण किड्यांची विष्ठा सोऱ्याच्या खड्ड्यात जाई. आज अतिप्राचीन समजले जाणारे हे उंच छपराचे घर प्रत्यक्षात सतराव्या-अठराव्या शतकांत, रेशीमपालन वाढत गेले तसतसे, आजच्या आकाराला आले असे मानले जाते. ६० अंशांपर्यंत पोहोचणारा छपराचा उतार बर्फ घसरून पडण्यासाठी उपयोगी आहे हे खरे, परंतु तेवढ्याच जमिनीवर कामाची जागा अनेक पटींनी वाढवण्याचा तो सर्वांत सोपा मार्गही होता.

बांधकामातही एक स्पष्ट वाटणी होती. वळचणीपर्यंतची खांब-तुळयांची चौकट हिदा प्रांताच्या नावाजलेल्या परंपरेतील सुतार उभारत. तिच्यावरचे छप्पर मात्र गावकरी स्वतः बांधत. डोंगरउतारावर वाढणारी झाडे बुंध्यापाशी बर्फाच्या भाराने वाकतात; असे कमानदार ओंडके मुद्दाम निवडून तुळयांसाठी वापरले जात. छपराच्या मुख्य वाशांची खालची टोके निमुळती करून तुळईच्या खाचेत नुसती टेकवलेली असत, त्यामुळे वारा किंवा भूकंप आला तरी सांगाडा किंचित हलून पुन्हा जागेवर येई. या सांगाड्यात खिळे नसत; पेंढ्याच्या दोऱ्या आणि ‘नेसो’ नावाच्या, ओल्या असताना पिळून बांधलेल्या व वाळल्यावर घट्ट आवळणाऱ्या फांद्या यांनीच सांधे पक्के होत. चुलीचा धूर या दोऱ्यांना आणि वरच्या गवताला कीड व कूज यांपासून जपत असे.

छपराचे गवत, ज्याला ‘काया’ म्हणतात, तीस-चाळीस वर्षांनी बदलावे लागे, आणि एकट्या कुटुंबाला ते कधीच झेपणारे नव्हते. त्यासाठी ‘युइ’ ही श्रमविनिमयाची व्यवस्था होती. महाराष्ट्रातील शेतकरी एकमेकांच्या शेतात आळीपाळीने काम करून सावड फेडतात, तसाच युइचा हिशेब होता; फरक इतकाच, की येथे फेड कधीकधी पुढच्या पिढीवर जाई. म्हणून कोणत्या घराने किती माणसे पाठवली, किती गवत, दोर किंवा दारू दिली याची नोंद वहीत ठेवली जाई आणि त्या घरावर पाळी आली की तेवढे परत केले जाई. शाकारणीच्या दिवशी शंभर-दोनशे माणसे जमत, जुने गवत उतरवून एक पाखे एक-दोन दिवसांत नव्याने शाकारत. पाख्यावर बसलेला माणूस लांब लाकडी सुईत दोर ओवून ती गवतातून आत खुपसे, माळ्यावरचा माणूस ती पकडून दोर आडव्या लाकडाभोवती घेई आणि सुई पुन्हा बाहेर सारे. एकमेकांना न दिसणाऱ्या दोन माणसांच्या या देवाणघेवाणीतून गवत सांगाड्याला शिवले जाई. स्वयंपाकाची आणि साहित्याची कामे स्त्रियांकडे व इतर गावकऱ्यांकडे वाटून दिलेली असत.

एवढ्या उद्योगांना मनुष्यबळ लागे आणि जमिनीची वाटणी परवडणारी नव्हती. शिराकावाच्या नाकागिरी भागात यातून एक खास कुटुंबपद्धती निर्माण झाली : विधिवत विवाह केवळ थोरल्या मुलाचा होई, धाकटे भाऊ दुसऱ्या घरातील स्त्रियांशी संबंध ठेवून रात्री त्यांच्याकडे जात, आणि त्यांची मुले आईच्या घरी वाढत. त्यामुळे एकेका छपराखाली तीस-चाळीस माणसे राहत. मिबोरो येथील तोयामा घराण्याचे १८२७च्या सुमारास बांधलेले घर या पद्धतीचे साक्षीदार म्हणून जतन केले आहे. बाहेरच्या अभ्यासकांनी या कुटुंबांकडे आदिम समाजाचे अवशेष म्हणून पाहिले, परंतु रेशमाच्या हंगामात लागणारे हात घराबाहेर जाऊ न देण्याची ती तजवीजही होती.

या व्यवस्थेची घडी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विस्कटू लागली. जहागिरी बरखास्त झाल्यावर कागाची हमखास खरेदी संपली आणि चिलीहून येणाऱ्या स्वस्त सोऱ्यापुढे चुलीशेजारचे खड्डे टिकले नाहीत. रेशमाने मात्र आणखी काही दशके आधार दिला, कारण १८५९मध्ये योकोहामा बंदर परकीय व्यापाराला खुले झाल्यापासून कच्चे रेशीम ही जपानची प्रमुख निर्यात बनली होती. १९२९नंतरच्या जागतिक मंदीने आणि पुढे कृत्रिम धाग्यांनी तोही आधार कमकुवत केला. जर्मन वास्तुविशारद ब्रूनो टाउट १९३५मध्ये शिराकावा-गोला आला आणि या घरांच्या तर्कशुद्ध बांधणीची त्याने मोकळेपणाने प्रशंसा केली, तेव्हा त्या बांधणीमागचा उद्योग उताराला लागला होता.

दुसरा आघात पाण्याचा होता. शोगावाच्या वेगवान प्रवाहावर विसाव्या शतकात जलविद्युत धरणे उभी राहिली. १९६१मध्ये पूर्ण झालेल्या मिबोरो धरणाच्या जलाशयात अनेक वस्त्या बुडाल्या. काही घरे उतरवून अन्यत्र नेली गेली : यानोहारा घराण्याचे घर १९६०मध्ये योकोहामाच्या सान्केइएन उद्यानात उभारले गेले. काझुरा या दुर्गम वस्तीतील सर्व कुटुंबांनी १९६७मध्ये एकत्रच गाव सोडले. शिराकावा गावाच्या हद्दीत १९२४मध्ये सुमारे ३०० गाश्शो घरे होती, ती १९६१पर्यंत १९०वर आली.

जतनाची सुरुवात सरकारने नव्हे, तर गावाने केली. ओगिमाचीच्या रहिवाशांनी १९७१मध्ये संरक्षण संघ स्थापन करून घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही आणि पाडायचे नाही असे तीन नियम स्वीकारले. १९७५मध्ये सांस्कृतिक वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन संपूर्ण वस्त्यांना संरक्षण देणे शक्य झाले आणि १९७६मध्ये ओगिमाचीला असे संरक्षण मिळाले. गवताच्या छपरांना आगीचे भय सर्वांत मोठे असल्याने गावात जागोजागी पाण्याचे फवारे बसवले गेले आणि रहिवासी आळीपाळीने गस्त घालू लागले. २००८मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर नागोया व कानाझावा दोन्ही दिशांनी जवळ आले आणि जेमतेम दीड हजार वस्तीच्या शिराकावा गावाला वर्षाकाठी सतरा लाखांच्या आसपास पाहुणे येऊ लागले. गर्दीमुळे वाहनांवर व हिवाळी रोषणाईच्या प्रवेशावर मर्यादा घालाव्या लागल्या.

या नव्या उद्योगाची जुन्यापेक्षा वेगळी अडचण आहे. पूर्वी छप्पर हे उत्पादनाचे साधन होते आणि उत्पादनाच्याच ओघात त्याची निगा राखली जाई : चूल रोज पेटे, धुराने गवत टिके, रेशमाच्या पैशातून दोर व गवत येई, आणि वहीतील उधारी माणसांना एकमेकांच्या दारी आणून उभे करी. आता चूल रोज पेटत नाही, त्यामुळे गवत लवकर खराब होते. काया कापण्याची गायराने घटली आहेत. शाकारणीची बहुतेक कामे अनुदानाच्या पैशातून कंत्राटी कारागिरांकडे जातात आणि युइने पूर्ण शाकारणी होते ती क्वचितच. छप्पर वाचवणे कायद्याला आणि पैशाला जमले आहे, परंतु त्या छपराखाली एका घराचे देणे दुसऱ्या घराशी बांधणारा जो हिशेब होता, तो अनुदानाने चालवता येत नाही. शिराकावा-गो आणि गोकायामा यांच्या जतनाचे यश पुढील काळात मोजायचे असेल, तर उभ्या घरांच्या संख्येइतकेच युइच्या वहीत नव्याने किती नोंदी होतात हेही पाहावे लागेल.