हॅमिल्टनच्या डोनटची हकिकत

मंडळी, आज एका खाद्यपदार्थाच्या निमित्ताने एका गावाचा इतिहास पाहू. गाव म्हणजे कॅनडातले हॅमिल्टन. शिक्षकांनी नकाशा काढावा. ऑन्टारिओ सरोवराच्या पश्चिम टोकाला ते सापडेल. पोलादाचे शहर. स्टेल्को आणि डोफॅस्को यांच्या भट्ट्या तेथे रात्रंदिवस पेटलेल्या असत, आणि पाळी सुटली की माणसांचे लोंढे रस्त्यावर येत.

आता डोनट म्हणजे काय? मैद्याचे पीठ फुगवून, मेदूवड्यासारखे मध्ये भोक ठेवून तळायचे आणि वर साखरेचा पाक चढवायचा. आपल्या बालुशाहीची दूरची बहीणच म्हणा ना! सोबत गरम कॉफी.

1964 साली हॅमिल्टनच्या ऑटवा स्ट्रीटवर, जेथे पूर्वी पेट्रोलपंप होता, तेथे असे एक दुकान निघाले. पाटीवर नाव होते टिम हॉर्टन यांचे. हे गृहस्थ बर्फावरच्या हॉकीतले नामांकित बचावपटू, टोरांटो संघाचे. त्या काळी खेळाडूंना आजच्यासारखे पैसे मिळत नसत. खेळ संपल्यावर खायचे काय, ही चिंता त्यांना असे. हॉर्टननी आधी हॅम्बर्गरची दुकाने काढून पाहिली, ती चालली नाहीत. डोनट मात्र चालले.

पण नावाने गिऱ्हाईक एकदा येते, दुसऱ्यांदा येते ते मालाने. तो भार उचलला रॉन जॉइस यांनी. हे हॅमिल्टनचेच पोलीस शिपाई होते बरं का! 1965 साली त्यांनी ते पहिले दुकान चालवायला घेतले आणि 1967 मध्ये हॉर्टनचे बरोबरीचे भागीदार झाले. पुढे नवे दुकान काढायचे ते दुसऱ्याला चालवायला द्यायचे, माल आणि रीत मात्र आपली, अशी पद्धत त्यांनी वाढवली.

21 फेब्रुवारी 1974 रोजी पहाटे सेंट कॅथरीन्सजवळ मोटार अपघातात हॉर्टन गेले. वय 44. दुकाने तोवर चाळीसच्या आसपास झाली होती. पुढच्या वर्षी त्यांच्या पत्नी लोरी यांनी आपला हिस्सा जॉइसना सुमारे दहा लाख डॉलरला विकला. नंतर धंदा असा फोफावला की ती रक्कम किरकोळ वाटू लागली. लोरीबाई कोर्टात गेल्या. विक्रीच्या वेळी औषधांच्या आहारी गेल्याने मला व्यवहाराचे भान नव्हते, असे त्यांचे म्हणणे. 1993 साली निकाल विरुद्ध गेला. कायद्याने व्यवहार पक्का, हे खरे. पण पाटीवरचे नाव त्यांच्या नवऱ्याचे, आणि त्या नावाच्या वाढत्या कमाईत त्यांचा वाटा नाही, हे ऐकून जीव हळहळतो.

गंमत अशी की पुढे जॉइस यांचा मुलगा आणि हॉर्टन यांची मुलगी यांचे लग्न झाले!

1976 पासून डोनटच्या भोकाएवढे छोटे गोळे तळून विकू लागले. पोरांना ते फार आवडले. 1995 साली कंपनी अमेरिकेतल्या वेंडीजमध्ये विलीन झाली, तेव्हा दुकानांची संख्या हजाराच्या घरात पोचली होती. 2014 पासून ती बर्गर किंगच्या बरोबर एका छत्राखाली आहे. त्याच वर्षी ऑटवा स्ट्रीटवरचे पहिले दुकान नव्याने बांधले आणि वरच्या मजल्यावर जुन्या वस्तूंचे छोटे संग्रहालय केले. खाली अर्थातच डोनट आणि कॉफी.