अस्सत्थाची छाटणी आणि पाली ऋतुगणना

भीमा-कोरेगावच्या जयस्तंभाकडे जाणाऱ्या नगर रस्त्यावरील वाघोली हे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तेथे आता इमारतींची दाटी आहे. भिंतीच्या फटीत उगवलेले पिंपळाचे रोप कुंडीत लावून त्याचा वामनवृक्ष, म्हणजेच बोन्साय, करण्याची हौस अशा वस्त्यांतून आपल्या उपासकांतही आढळते. मात्र बोधिवृक्षाच्या जातीवर कात्री चालवावी काय, असा संकोच अनेकांस वाटतो.

या संकोचाचे मूळ विनयात शोधले जाते. पाचित्तियातील भूतगामवग्गाचा पहिला नियम वनस्पती तोडण्यास मनाई करतो. आळवी येथील भिक्खूंनी झाडे तोडली, तेव्हा वृक्षात जीव मानणारे लोक त्यांना दोष देऊ लागले, हे त्याचे निमित्त होय. याच नियमाच्या विवरणात खोडापासून रुजणाऱ्या ‘खन्धबीज’ वर्गात अस्सत्थ, म्हणजे पिंपळ, प्रथम गणला आहे. परंतु हा नियम भिक्खूंसाठी आहे, गृहस्थांसाठी नव्हे. पिंपळावरील मुंजाचे भय तर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घरात उरावयासच नको.

खरा प्रश्न आहे तो काळाचा. जपानी वा युरोपीय पद्धतीच्या पुस्तकांत पानझडी वृक्षांची छाटणी हिवाळ्याच्या अखेरीस सांगितलेली असते. तेथे थंडीने वृक्ष निद्रिस्त होतो. आपला पिंपळ डिसेंबरात बहुधा पानांनी भरलेलाच असतो. पाने गळतात ती माघ-फाल्गुनात, आणि लवकरच तांबूस पालवी फुटते. पाली परंपरेत वर्षाचे तीन ऋतू आहेत: कार्तिकी पौर्णिमेपर्यंत वस्स, फाल्गुनीपर्यंत हेमंत, आषाढीपर्यंत गिम्ह. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखातील तीन चातुर्मासी पौर्णिमा याच सांध्यांवर येतात. त्या दिवसांत मासे मारणे व विकणे त्याने वर्ज्य केले. निष्कारण वने जाळण्यासही त्याच लेखात मनाई आहे. पिंपळाची पानगळ हेमंत आणि गिम्ह यांच्या नेमक्या सांध्यावर येते, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आयात केलेल्या वेळापत्रकापेक्षा ही जुनी गणना आपल्या झाडाच्या अधिक जवळची आहे.

महावंसात तर बोधिशाखा सुवर्णपात्रात रोवल्याचे वर्णन आहे. अशोकाने मनःशिलेने रेघ ओढताच फांदी आपोआप सुटली, असे त्यात म्हटले आहे. चमत्कार बाजूस ठेवला तरी शस्त्राविषयीचा संकोच त्यात स्पष्ट दिसतो.

पाने गळून सांगाडा उघडा पडला की फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास, नवे कोंब फुगण्यापूर्वी, मोठी छाटणी करावी. पांढरा चीक वाहील, तो ओल्या फडक्याने टिपावा. त्याच वेळी कोवळ्या फांद्यांस ॲल्युमिनियमची तार गुंडाळावी. जून फांदी वाकवू गेल्यास मोडते. पावसाळ्यात फांदी झपाट्याने जाड होऊन तार सालीत रुतते. म्हणून आषाढी पौर्णिमेस वर्षावास सुरू होण्यापूर्वी ती कापून काढावी. उलगडू नये, कारण उलगडताना फांदी दुखावते. पुढे वस्सात केवळ शेंडे खुडावेत.