जकात नाका गेला, तेव्हापासूनची गोष्ट

गावाच्या वेशीवरचा जकात नाका मला चांगला आठवतो. आडवा बांबू, ट्रकची रांग, पावतीपुस्तक घेऊन बसलेला कारकून. व्यापारी वैतागायचे, चिरीमिरीही चालायची. पण त्या खिडकीत रोज रोख पैसा यायचा आणि तो गावाचा असायचा.

१९९९ मध्ये राज्यातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली. (महापालिकांची नंतरही चालली, मुंबईची तर थेट जीएसटी येईपर्यंत, म्हणजे १ जुलै २०१७ पर्यंत.) आपल्याला बदल्यात मिळालं सहायक अनुदान. म्हणजे गल्ल्यातला पैसा गेला आणि मंत्रालयाकडे बघत बसणं आलं.

फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची सभा होते. "कोणतीही करवाढ नाही" अशी बातमी येते, आपण खूश. पण पगार, पेन्शन, पाण्याच्या पंपाचं वीजबिल, कर्जाचा हप्ता यांना कुणी हात लावू शकत नाही. शासनाच्या योजनेचा पैसा त्याच योजनेला. उरतं काय? गटारसफाई, शाळेची कौलं, बागेतले दिवे, वाचनालय. घरपट्टी थकली, अनुदान लांबलं की कात्री तिथंच लागते.

आणि ती ठराव करून लागत नाही हो! बिलं पडून राहतात, ठेकेदार यायचा बंद होतो, टेंडर निघतच नाही. पुढच्या वर्षी 'सुधारित अंदाज' या रकान्यात आकडा गुपचूप खाली आलेला असतो. आमच्या वाचनालयातली मासिकं अशीच गेली. बंद करा, असं सभेत कुणीच म्हटलं नव्हतं. एक दिवस टेबलावर फक्त जुने दिवाळी अंक उरले.

त्यात राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांवर मधली तीन-चार वर्षं प्रशासक होते. अंदाजपत्रक मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, आता निदान विचारायला नगरसेवक तरी आहेत.

तर विचारा. अंदाजपत्रकाची प्रत मागा, माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. नव्या वर्षाचा मोठा आकडा सोडा, शेजारचा 'प्रत्यक्ष खर्च' बघा. गटाराला किती धरले होते नि किती खर्चले, एवढंच.

मी यंदाच्या सभेला प्रेक्षकांत बसणार आहे. कुणी येणार असेल तर कळवा, चहा माझ्याकडून.